पदक मोडीत घालण्यापूर्वी त्याची कड वाचा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या तेल्हारा-अकोट भागातील आठवडी बाजारांत गेल्या वर्षभरापासून जुनी नाणी, जुन्या नोटा आणि ‘राणीचे बिल्ले’ विकत घेणारी अनोळखी माणसे दिसू लागली आहेत. त्यांच्या जोडीला मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफिती आहेतच. अमुक छापाचा बिल्ला घरात असेल तर पंधरा लाख मिळतील, असे त्यांत छातीठोकपणे सांगितलेले असते. त्यामुळे झाले असे की, तीन-तीन पिढ्या कुंकवाच्या करंड्यात किंवा देव्हाऱ्याच्या खणात निवांत पडून राहिलेली इंग्रजी अमदानीतील पदके एकाएकी बाहेर पडली, आणि लाख काही मिळत नाहीत असे कळताच त्यांतली बरीचशी थेट सराफाच्या मुशीत जाऊ लागली. मी निवृत्त शिक्षक असून ब्रिटिश स्मृतिपदके जमवण्याचा नाद मला गेली पस्तीस-चाळीस वर्षे आहे. या नादापायी जे थोडेफार कळले, ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या खेड्यातील एक आजीबाई नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या. पोराच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली चांदीची जाड चकती होती. “गुर्जी, हे तावीज कोन्त्या पिराचं होय, थे वाचून सांगा बरं,” असे म्हणत त्यांनी ती काढून माझ्या तळहातावर ठेवली. त्यांच्या आजेसासूच्या वेळेपासून घरातल्या थोरल्या मुलाच्या गळ्यात ती घालण्याची रीत होती, आणि गोवरापासून दृष्टीपर्यंत सगळ्यावर तिचा गुण येतो असा घराचा अनुभव होता. एका बाजूला फारसी अक्षरे होती. तावीज म्हणण्याचे कारण तेच. दुसरी बाजू चार पिढ्यांच्या छातीवर घासून जवळजवळ गुळगुळीत झाली होती, पण उन्हात तिरपी धरल्यावर फुलांच्या वेढ्यात डावीकडे पाहणारे दोन चेहरे उमटले: दाढीवाला पुरुष आणि त्याच्यालगत स्त्री. अक्षरांचा फोटो मी अकोटच्या एका उर्दू शिक्षकमित्राला दाखवला. त्यांनी अर्थ सांगितला तो असा, ‘हिंदचा बादशहा, ब्रिटिश मुलखांचा स्वामी जॉर्ज पंचम याचा दरबार’.

म्हणजे हे तावीज १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्लीत भरलेल्या दरबाराचे पदक होते. याच दरबारात कलकत्त्याची राजधानी दिल्लीला नेण्याची घोषणा झाली, हे शाळेत सर्वांनी वाचलेले असते. दरबारासाठी सोन्याची सुमारे दोनशे आणि चांदीची सुमारे तीस हजार पदके पाडण्यात आली; सोन्याची संस्थानिकांना आणि अगदी वरच्या अधिकाऱ्यांना, चांदीची बाकीच्या अधिकाऱ्यांना आणि तेथे बंदोबस्ताला असलेल्या पलटणींतील निवडक लोकांना मिळाली. आजीबाईंच्या घरी इतकेच ठाऊक होते की, त्यांचे आजेसासरे ‘साहेबासंगं दिल्लीले गेल्ते’. तीस हजार हा आकडा मुद्दाम लिहिला आहे. ज्या वस्तूच्या तीस हजार प्रती निघाल्या, ती दुर्मीळ म्हणता येत नाही. चांगल्या स्थितीतील असे पदक आज संग्राहकांमध्ये काही हजार रुपयांना मिळते. गुळगुळीत झालेल्या, भोक पाडलेल्या पदकाची किंमत चांदीपेक्षा फारशी वर जात नाही. पंधरा लाख सोडाच.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण आपल्याकडे सगळ्यालाच सरसकट ‘बिल्ला’ म्हणतात. काही पदके सरकार माणसाला देत असे, ती फितीने छातीवर लावायची असत आणि त्यांना वरती टांगण्याची कडी असे. दुसरी खरी स्मृतिपदके. राज्याभिषेक, राज्यारोहणाची पंचवीस, पन्नास, साठ वर्षे, एखादे प्रदर्शन, एखादा विजय असे निमित्त साधून लंडन-बर्मिंगहॅमचे कारखानदार ती पाडत आणि विकत. नगरपालिका, शाळा आणि हौशी श्रीमंत ती घाऊक घेऊन वाटत. त्यांतली भारी सोन्या-चांदीची किंवा काशाची असत, हलकी कथलाच्या पांढऱ्या मिश्रधातूची. १८८६ मध्ये ॲल्युमिनियम स्वस्तात काढण्याची रीत सापडल्यावर व्हिक्टोरियाच्या १८९७ च्या हीरक महोत्सवापर्यंत ॲल्युमिनियमची पदकेही ढिगाने निघू लागली. हातात घेताच कागदासारखा हलका लागणारा बिल्ला शाळेत वाटलेला असण्याचा संभव फार. चेहऱ्याच्या चित्रात मान जेथे कापल्यासारखी संपते त्या रेषेखाली भिंगाने पाहिले, तर पुष्कळदा कोरणाऱ्याचे किंवा कारखान्याचे नाव सापडते. वायन, पिंचेस, हीटन, स्पिंक, एल्किंग्टन ही नावे मला इतकी सवयीची झाली आहेत की, घरची मंडळी ती माझ्या सोयऱ्यांची असावीत अशी थट्टा करतात.

ॲल्युमिनियमचा असाच एक बिल्ला मी पोळ्याच्या दिवशी पाहिला. तोरणाखाली बैल उभे होते, आणि एका बैलाच्या झुलीवर आरशांच्या टिकल्यांमध्ये तो शिवलेला होता. मालकाच्या पणजोबांना तो शाळेत मिळाला होता असे घरात सांगत, आणि पणजोबांची झूल फाटली की नव्या झुलीवर तोच बिल्ला पुन्हा शिवायचा, एवढे एक पथ्य त्या घराने पाळले होते. बैल जरा शांत झाल्यावर मी वाकून तारीख वाचली, २६ जून १९०२. ज्याला या विषयाची गोडी आहे त्याला ही तारीख पाहून हसू आल्याशिवाय राहत नाही, कारण त्या दिवशी इंग्लंडात राज्याभिषेक झालाच नाही. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जूनला ठरला होता; पदके पाडून, पेट्यांत भरून, दूरदूरच्या मुलखांत रवाना झाली होती; आणि दोन दिवस आधी, २४ जूनला, राजाच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया करावी लागली. समारंभ झाला तो ९ ऑगस्टला. सरकारने छातीवर लावण्यासाठी दिलेल्या त्या वर्षीच्या पदकावरदेखील २६ जूनच राहिला. सरकारी टांकसाळीच्या मोठ्या स्मृतिपदकावर मात्र खरी तारीख, ९ ऑगस्ट, आहे. तेव्हा कोणी ‘चुकीच्या तारखेचा दुर्मीळ बिल्ला’ म्हणून जादा दाम मागू लागला, तर ही हकिगत ध्यानात ठेवावी. चुकीची तारीखच अधिक आढळते.

आठव्या एडवर्डच्या बाबतीतही हीच गल्लत होते. त्याने डिसेंबर १९३६ मध्ये गादी सोडली, पण १२ मे १९३७ या ठरलेल्या दिवसाची त्याच्या नावाची पदके कारखान्यांतून आधीच बाहेर पडली होती. न झालेल्या राज्याभिषेकाची पदके म्हणून ती अनमोल असतील असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात ती मुबलक आहेत. त्याच तारखेला त्याच्या धाकट्या भावाचा, सहाव्या जॉर्जचा, राज्याभिषेक उरकण्यात आला.

आता आमच्या भागाशी ज्याचा थेट संबंध आहे त्या पदकाकडे वळतो. काटेकोरपणे पाहिले तर ते स्मृतिपदक नव्हे, लढाईचे पदक आहे. पण ते लढाईनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने दिले गेले, म्हणून त्यात स्मृतीचाच भाग जास्त, असे माझे मत आहे. १८०३ ते १८२६ या काळात हिंदुस्थानात लढलेल्या कंपनीच्या आणि राजाच्या सैन्यासाठी ते १८५१ मध्ये मंजूर झाले. एका बाजूला राणी व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूला बसलेली विजयदेवता, फिकट निळी फीत, आणि फितीवर ज्या ज्या लढाईत शिपाई होता तिच्या नावाची चांदीची आडवी पट्टी. या पट्ट्यांवरची नावे वऱ्हाडी माणसाने एकदा तरी वाचावीत. ‘अरगॉम’ म्हणजे आमच्या तालुक्यातले अडगाव, जेथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. ‘गाविलघर’ म्हणजे चिखलदऱ्याजवळचा गाविलगड, जो त्याच वर्षी १५ डिसेंबरला पडला. ‘सीताबल्डी’ आणि ‘नागपोर’ या १८१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरातील लढाया. अडगावच्या मैदानात मराठ्यांच्या तोफा सुरू होताच वेलस्लीच्या काही देशी पलटणी मागे पळाल्या होत्या आणि त्याने स्वतः पुढे होऊन त्यांना पुन्हा रांगेत आणले, ही गोष्ट त्याच्याच लिखाणातून पुढे आलेली आहे.

पदक मिळवायचे तर १८५१ मध्ये जिवंत असणे ही अट होती. अडगावला लढलेला वीस वर्षांचा शिपाई तोवर अडुसष्टीचा झाला होता. त्यामुळे ही पदके थोडी आहेत, लिलावात त्यांना खरोखरच मोठी किंमत येते, आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही निघतात. गाविलगड राखताना मारला गेलेला किल्लेदार बेनीसिंग आणि त्याची माणसे यांच्या वाट्याला अर्थातच पदक नाही. आमच्या गावाचे नाव चांदीत कोरले गेले ते जिंकणाऱ्याच्या उच्चारात, हे मला अडगावच्या रस्त्याने जाताना दर वेळी आठवते. या लढाईची पट्टी असलेले अस्सल पदक मी आयुष्यात एकदाच हाती धरले, तेही दुसऱ्याच्या संग्रहातले. घेण्याची ऐपत मास्तरकीच्या पगारात नव्हती.

पदके घासण्याविषयी लिहिताना मला स्वतःची चूक सांगावी लागेल. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात अकोल्याच्या एका भंगारवाल्याकडून मी चाळीस रुपयांना व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाचे काशाचे मोठे पदक घेतले. सुमारे सव्वादोन इंच व्यासाचे, एका बाजूला डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी राणी, दुसऱ्या बाजूला तिचाच तरुणपणचा चेहरा आणि भोवती लॅटिन अक्षरे: ‘तिच्या उजव्या हाती दीर्घायुष्य आणि डाव्या हाती वैभव’ अशा अर्थाची. रंग भाजलेल्या कॉफीच्या दाण्यासारखा होता. मला तो मळ वाटला. घरी आणून चिंच आणि राखेने अर्धा तास घासले, आणि पदक आमच्या घरच्या पितळी तांब्यासारखे चकचकीत करून टाकले. पुढे एका जाणत्या संग्राहकाने ते पाहून काही न बोलता परत माझ्या हातात दिले, तेव्हा मला कळले. तो तपकिरी रंग कारखान्यानेच मुद्दाम दिलेला असतो, आणि चांदीवरची काळपट छटा वर्षानुवर्षे हवेने चढते. ती गेली की नव्याने आणता येत नाही, आणि घासताना केसांच्या, दागिन्यांच्या बारीक रेषाही झिजतात. चिंच, राख, लिंबू, दंतमंजन, रांगोळी यांतले काहीही पदकाला लावू नये. मऊ सुती कापडाने धूळ टिपावी, कड धरूनच उचलावे, आणि प्लास्टिकच्या पिशवीऐवजी साध्या कागदाच्या पाकिटात कोरड्या जागी ठेवावे. आमच्या खारपाणपट्ट्यात तर पाण्याने धुणेही बरे नव्हे.

या सगळ्यापेक्षा मला लागलेली गोष्ट वेगळी आहे. गेल्या दिवाळीच्या तोंडावर ओळखीच्या एका शेतकऱ्याने घरातला ‘घोड्याचा बिल्ला’ तालुक्याच्या गावी एका सराफाकडे मोडला. पहिल्या महायुद्धाचे चांदीचे पदक होते ते. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा नग्न वीर आणि १९१४, १९१८ ही साले. त्याचे पणजोबा ‘बसऱ्याला गेले होते’, एवढेच घरात माहीत होते. ही पदके देताना सरकार त्यांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण इंग्रजी अक्षरांत ठोकून देत असे, आणि त्या एका ओळीवरून माणूस कोणत्या पलटणीत होता आणि पलटण कोणत्या आघाडीवर होती, याचा माग लागू शकतो. शेतकऱ्याला मी विचारले, कडेवर काय लिहिले होते? त्याला कडेवर काही असते हेच ठाऊक नव्हते. सराफाकडे गेलो तर त्यानेही हात वर केले. त्याच्या लेखी ती जेमतेम तीन तोळे चांदी होती. त्या दोघांनाही मी दोष देत नाही. कापसाला भाव नव्हता आणि दिवाळी दारात होती. पण पदक मुशीत टाकण्यापूर्वी मोबाइलने तीन फोटो काढले असते, दोन बाजूंचे आणि कडेचे, तर चांदीचे पैसेही मिळाले असते आणि पणजोबांची पलटणही घरात राहिली असती.

फसवणुकीविषयी थोडक्यात. रामदरबाराचे चित्र आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ अशी अक्षरे असलेली तांब्याची नाणी कंपनीने कधीही पाडली नाहीत. ती देवस्थानांबाहेर विकली जाणारी टोकन आहेत. तांदूळ ओढून घेणारे नाणे हा तर निव्वळ भोंदूपणा. जुनी नाणी-नोटा विकून देण्याच्या नावाखाली रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून शुल्क आणि कमिशन उकळणाऱ्यांविषयी खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सावधगिरीची सूचना दिली होती. जो आपल्याकडून वस्तू घेण्याआधी आपल्याकडूनच पैसे मागतो, तो संग्राहक नव्हे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू परदेशी पाठवण्यास खासगी माणसाला मनाई आहे, आणि अशा वस्तूंचा व्यापार करायचा तर परवाना लागतो. १९११ चे पदक आज या मर्यादेत बसते. शेतात नांगराला काही लागले, तर त्यासाठी १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा अजून लागू आहे आणि दहा रुपयांहून अधिक मोलाच्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. बाजारात फिरणारे यातले काहीही सांगत नाहीत.

माझे काही मित्र मला विचारतात की, गुलामीच्या या खुणा जपायच्याच कशाला. प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळत नाही. महात्मा गांधींनी १९२० मध्ये आपले कैसर-ए-हिंद सुवर्णपदक आणि झुलू व बोअर युद्धांतील सेवेची पदके व्हाइसरॉयला परत केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने असहकाराच्या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब केले, ज्यात किताब परत करणे हे एक कलम होते, आणि वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी रायबहादुरी सोडली. या त्यागाचे वजन कळायचे तर जे त्यागले ते काय होते, हे दिसायला नको का? आमच्या भागातील एका घरी १९११ च्या राज्याभिषेकाचे चांदीचे पदक आहे. वडिलांना ते मिळाले. मुलगा १९३० मध्ये दहीहंड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्याचे मीठ करायला गेला, आणि निघण्यापूर्वी त्याने वडिलांदेखत पदक घरच्या विहिरीत फेकले. १९७२ च्या दुष्काळात विहिरीचा गाळ उपसताना ते सापडले. खाऱ्या पाण्याने त्याच्यावर राखाडी, शिंगासारखे कठीण कवच चढले आहे, राजाचा चेहरा अर्धा बुजला आहे, आणि संग्राहकाच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य आहे. त्या घराने ते मुलाच्या तुरुंगातून सुटल्याच्या कागदासोबत एकाच पत्र्याच्या पेटीत ठेवले आहे. मला ते विकत मिळाले असते तरी मी घेतले नसते. त्या पेटीबाहेर त्याला अर्थ नाही.

म्हणून माझी विनंती पदके विकू नका अशी नाही. ज्याची त्याची अडचण ज्याला त्याला ठाऊक. विनंती इतकीच की, आधी नोंद करावी. आमच्या गावच्या वाचनालयात आम्ही एक साधी दोनशे पानी वही ठेवली आहे. पदक आणायचे, दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो काढायचा, कडेवरची अक्षरे जशीच्या तशी उतरवायची, कोणाला मिळाले आणि घरात त्याविषयी काय सांगतात ते सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहायचे, आणि पदक त्याच पायी परत न्यायचे. आतापर्यंत अकरा नोंदी झाल्या आहेत. हे काम कोणत्याही गावची शाळा एका शनिवारात करू शकेल, आणि अशा वह्यांच्या प्रती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाने, म्हणजे १८६३ पासून चालत आलेल्या आपल्या अजब बंगल्याने, मागवून घेतल्या तर विदर्भातील घरोघरच्या पदकांची पहिली यादी तयार होईल. आपल्या दैनिकाने जुन्या नाण्यांच्या ‘लाखो कमवा’ छापाच्या जाहिराती घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा, आणि जमल्यास महिन्यातून एकदा अशा एखाद्या नोंदीला फोटोसह जागा द्यावी, अशीही नम्र सूचना आहे.

आमच्या वहीत शेवटचा रकाना ‘सध्या कोठे आहे’ असा आहे. त्यात बहुतेक ठिकाणी ‘घरी, पेटीत’ असे लिहिलेले आहे. एका नोंदीपुढे ‘बैलाच्या झुलीवर’ आहे. आजीबाईंना मी पदकाची सगळी हकिगत समजावून सांगितली, राजाचे नाव सांगितले, फारसीचा अर्थ सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, “राजाचं असो का पिराचं, आमच्या घराले लागू पडलं नं,” असे म्हणाल्या आणि दोरा पुन्हा नातवाच्या गळ्यात बांधला. त्यांच्या नोंदीपुढे मी ‘नातवाच्या गळ्यात’ असे लिहिले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
ता. तेल्हारा, जि. अकोला